घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ घेताय? मोटरचा विचार शेवटी करा

टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर आलेली यांत्रिक करवत, घ्यायचं डोक्यात आलं की जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीचा घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरला आला तरी चालतो. मोटर थोडी कमी ताकदीची निघाली तर फळी जरा सावकाश ढकलायची, काम होतं. पण फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती ब्लेडला समांतर पट्टी, हलणारी निघाली तर कितीही सावकाश ढकला, पट्टी एका टोकाला ५० मिमी आणि दुसऱ्या टोकाला ५१ भरणार, आणि अशा पट्ट्यांची फ्रेम काही केल्या गुण्यात बसत नाही. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने बघत चला, दुकानात गेल्यावर चकचकीत मशीन बघून क्रम उलटा होतो तो टाळा.

पहिलं काम: कापणार काय ते लिहा

कागदावर लिहा, मनात नको. येत्या वर्षभरात तुम्हाला काय बनवायचंय, आणि त्यासाठी कसला माल कापायला लागणार, अख्खं लाकूड की प्लाय आणि एमडीएफ, जाडी किती, लांबी किती. टेबल सॉचं खरं काम म्हणजे रिपिंग, म्हणजे रेषांच्या दिशेने लांब फळी चिरणं, आणि एकाच मापाच्या वीस पट्ट्या काढणं, खाचा पाडणं, जोड बनवणं. हे काम त्याच्याइतकं झटपट दुसरं मशीन करत नाही. पण तुमच्या यादीत नुसती प्लायची कपाटं असतील तर एक चांगली सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत, आणि सोबत सरळ गाइड किंवा ट्रॅक घेऊन तुमचं भागू शकतं, आणि यादीत गोलाकार काम, जाड लाकडाच्या पातळ फळ्या काढणं असं असेल तर बँड सॉ, म्हणजे पट्ट्यासारखं लांब ब्लेड फिरणारं मशीन, बघा. हे आत्ताच सांगतोय कारण बरेच जण आधी टेबल सॉ घेतात आणि मग त्याच्यासाठी काम शोधत बसतात.

प्लायबद्दल अजून एक. आठ बाय चारची १८ मिमीची शीट साधारण ३० किलोच्या आसपास भरते, ती एकट्याने उचलून छोट्या सॉवर सरळ ढकलायची म्हणजे कसरत आहे आणि धोकाही. शीट आधी जमिनीवर फोम किंवा जुन्या पट्ट्या टाकून सर्क्युलर सॉने थोडी मोठ्या मापात फोडायची, मग शेवटचं नेमकं माप टेबल सॉवर काढायचं. असं करणार असाल तर ब्लेड ते फेन्स अंतर, म्हणजे रिप कपॅसिटी, २४-२५ इंच मिळाली की बास, कारण चार फुटी शीटचा मध्य २४ इंचावर येतो. ५२ इंचाच्या लांबलचक रेलवाले सॉ दिसायला भारी, पण घरच्या खोलीत ती उजवीकडची रेल बहुतेक वेळा सामान ठेवायची फळी होते.

जागा, वजन आणि प्लग

इथे लोक मशीनचं माप बघतात, लाकडाचं नाही. आठ फुटी फळी चिरायची तर ब्लेडच्या अलीकडे आठ फूट लागतात, पलीकडे आठ फूट लागतात, वर तुम्हाला उभं राहायला जागा, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास सरळ मोकळी रेघ पाहिजे. खोली तेवढी नसेल तर सॉ दाराच्या रेषेत उभा करा, कापलेली फळी दारातून बाहेर जाऊ दे. त्यासाठी चाकांचा बेस असलेला बरा, मात्र ब्रेक लावल्यावर मशीन जराही हलता कामा नये.

वजनाचंही बघा. छोटे उचलायचे सॉ साधारण २० ते ३५ किलोचे असतात, कॅबिनेट सॉ २०० किलोच्या वर जातो, आणि तो जिन्याने वर न्यायचा म्हणजे काय ते ज्याने नेलाय त्यालाच विचारा. वीज कशी आहे ते सॉ घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही. मोठ्या सॉला वेगळी लाइन लागते, आणि एक्स्टेंशन वापरायचीच असेल तर जाड तारेची आणि आखूड. गुंडाळलेली बारीक वायर लावली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि दोष मशीनला जातो.

प्रकार कोणते

बेंचटॉप किंवा जॉबसाइट सॉ, म्हणजे उचलून नेता येणारा छोटा सॉ, ह्याच्यात ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, आवाज भयंकर, टेबल ॲल्युमिनियमचं. आवाजासाठी कानाला मफ्स घालावेच लागतात, पण जागा कमी असेल तर ह्याला पर्याय नाही आणि ह्यातले चांगले खरंच चांगले आहेत. ८¼ इंची ब्लेडचे आणि १० इंची ब्लेडचे असे दोन्ही मिळतात. १० इंची ब्लेड सरळ उभं असताना साधारण ७९ मिमी जाडी कापतं, ४५ अंशात झुकवलं की ५७ च्या आसपास, आणि ८¼ इंचीवर सरळ कापात ६५ मिमीच्या आसपास मिळतात. घरच्या फर्निचरसाठी ८¼ इंची सहसा कमी पडत नाही, फक्त त्याला ब्लेडचे पर्याय कमी मिळतात.

त्याच्यापुढे काँट्रॅक्टर सॉ, ह्याची मोटर मागे बाहेर लटकलेली असते आणि पट्ट्यावर चालते, जुन्या बाजारात हे भरपूर दिसतात. मग हायब्रिड, म्हणजे मोटर आत बंदिस्त, टेबल कास्ट आयर्नचं, ताकद दीड-दोन एचपी. घरात कायमची जागा असेल आणि छंद टिकणार ह्याची खात्री असेल तर मला हाच प्रकार सगळ्यात शहाणा वाटतो. कॅबिनेट सॉ ३ ते ५ एचपीचा, दणकट, दिवसभर चालवायला बनवलेला. छान असतो पण घरी त्याची गरज किती जणांना असते हा प्रश्नच आहे.

आणि एक जुगाडू प्रकार, सर्क्युलर सॉ उलटी करून प्लायच्या टेबलाखाली बसवायची आणि स्विच दाबलेलाच राहील असा पट्टीने बांधायचा. व्हिडिओमध्ये हे मस्त दिसतं. त्यात गार्ड नाही, मागे रिविंग नाइफ (तो काय ते खाली सांगतोय) नाही, फेन्स म्हणजे क्लॅम्प लावलेली एक फळी, आणि काही झालं तर बंद करायचं बटण टेबलाखाली. माझ्याकडून ह्याला सरळ नाही.

रिविंग नाइफ नसेल तर पुढे बघूच नका

हा भाग नीट वाचा. टेबल सॉवर तुमच्या बाजूचे दाते वरून खाली येत असतात, ते फळीला टेबलावर दाबत कापतात. मागच्या बाजूचे दाते खालून वर येत असतात. फळी चिरत असताना लाकडातला ताण मोकळा होतो आणि कापलेली फट मागे मिटायला लागते, किंवा फळी फेन्सपासून किंचित तिरकी होते, की मागचे दाते तिला पकडतात, वर उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. हाच किकबॅक. १० इंची ब्लेड ४००० आरपीएमने फिरत असेल तर दात्यांचा वेग ताशी १९० किमीच्या आसपास येतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. फळी पोटात बसते ते एक, पण फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर ओढला जाऊन ब्लेडवर येतो तो जास्त वाईट.

रिविंग नाइफ म्हणजे ब्लेडच्या अगदी मागे उभा असलेला पातळ पोलादी पत्रा. तो फट मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दात्यांवर सरकू देत नाही. महत्त्वाचं हे की तो ब्लेडबरोबरच वर-खाली होतो आणि झुकतो, त्यामुळे अंतर कायम तेवढंच राहतं. जुन्या सॉवर स्प्लिटर असायचा, तो जागेवर फिक्स, खाच पाडायची तर काढावा लागायचा, आणि एकदा काढलेला स्प्लिटर परत लावणारे लोक फार थोडे.

दुकानात तो काढून-लावून बघा. लिव्हरने पटकन निघतो का, की पाना घेऊन आत हात घालावा लागतो? त्रासाचं असेल तर तुम्ही पण तो कोपऱ्यात टाकणार. त्याच्या अंगावर जाडी कोरलेली असते ती वाचा. नाइफ ब्लेडच्या कापापेक्षा पातळ पाहिजे आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पाहिजे. समजा नाइफ २.३ मिमीचा आहे आणि तुम्ही २.२ मिमी काप देणारं ब्लेड आणलं, तर फळी अर्ध्यात जाऊन नाइफवर अडकणार. पुढे ब्लेड घेताना हा आकडा खिशात ठेवायचा.

बोट लागताच थांबणाऱ्या सॉबद्दल सगळे विचारतात. अशा सॉचा ब्रँड असलेल्या सॉस्टॉपची कल्पना स्टीव्ह गॅस ह्या भौतिकशास्त्रज्ञ आणि पेटंट वकिलाने १९९९ मध्ये काढली. ब्लेडमध्ये बारीकसा विद्युत सिग्नल असतो, अंगाचा स्पर्श झाला की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो, ब्लेड ५ मिलिसेकंदांच्या आसपास थांबतं, म्हणजे अर्धा फेरासुद्धा होत नाही. ब्रेकची कार्ट्रिज त्यानंतर फेकायची आणि ब्लेडही बहुतेक वेळा जातंच. ओल्या लाकडाने किंवा लाकडातल्या खिळ्याने पण ब्रेक सुटू शकतो. बजेट बसत असेल तर जरूर घ्या, खासकरून घरात अजून कोणी मशीनला हात लावणार असेल तर. पण किकबॅक त्याने थांबत नाही, तिथे रिविंग नाइफच.

आता फेन्स

वेळ इथे घालवा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. सोबत स्टीलची पट्टी आणि शक्य झालं तर कॅलिपर न्या. फेन्स ब्लेडपासून साधारण १० सेंटीमीटरवर आणा, लॉक करा, आणि मायटर स्लॉटपासून, म्हणजे टेबलावर ब्लेडला समांतर असलेल्या खाचेपासून, फेन्सपर्यंतचं अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला मोजा. सारखं आलं? मग फेन्सचं मागचं टोक अंगठ्याने आडवं जोरात दाबा आणि बघा किती हलतं. कापताना तुमचा हात फळीला फेन्सवर दाबतच असतो, त्यामुळे इथे हललेलं सगळं कापात उतरतं. मग लॉक उघडा, फेन्स लांब न्या, परत त्याच मापावर आणून लॉक करा, परत मोजा. असं चार-पाच वेळा. दर वेळी माप तेच आलं पाहिजे आणि फेन्स समांतरच बसली पाहिजे, तुम्ही हाताने ठोकून सरळ करायची गरज पडता कामा नये. लॉक करताना फेन्स किंचित सरकते का तेही बघा, काही फेन्स लॉकचा दांडा दाबला की अर्धा मिमी बाजूला जातात आणि हे कोणी सांगत नाही.

प्रकार म्हणाल तर मोठ्या सॉवर टी आकाराची, पुढच्या रेलवर बसणारी जड फेन्स चांगली. छोट्या सॉवर दातेरी पट्टीची, म्हणजे रॅक अँड पिनियनवाली, जिच्यात नॉब फिरवला की पुढचं आणि मागचं टोक एकदमच सरकतं, ती अपेक्षेपेक्षा खूपच चांगली असते. पातळ पत्र्याची फेन्स, मागे नुसता हूक, ती बघितली की पुढे चला. हायब्रिड आणि काँट्रॅक्टर सॉवर नंतर वेगळी फेन्स बसवता येते, छोट्या सॉवर सहसा नाही, तिथे जे मिळालं त्यावरच आयुष्य काढायचं.

टेबल, स्लॉट आणि आर्बर

टेबलावर सरळ पट्टी कर्णात ठेवून खालून उजेड दिसतो का बघा, दोन्ही कर्णांत आणि ब्लेडच्या आजूबाजूला. कडेला थोडा फरक असला तर चालतो, ब्लेडजवळ नको. मायटर स्लॉटचं प्रचलित माप ¾ इंच रुंद आणि ⅜ इंच खोल, म्हणजे साधारण १९ बाय ९.५ मिमी. स्वस्त सॉमध्ये हा स्लॉट काहीतरी भलत्याच मापाचा असतो किंवा तळाला पत्र्याच्या खुंट्या असतात, मग बाहेरचा कुठलाच मायटर गेज, म्हणजे स्लॉटमध्ये सरकणारा कोनाचा आधार, बसत नाही आणि स्लेड, म्हणजे फळी वर ठेवून स्लॉटमधून सरकवायची पाटी, बनवताना पट्ट्या घासत बसायला लागतं. सोबत आलेला मायटर गेज बहुतेक वेळा लुळा असतो, तो गृहीत धरायचाच नाही, स्लेड बनवली की प्रश्न मिटतो.

ब्लेडभोवतीची प्लेट काढून बघा. तिची खाच चांगली खोल असेल तर झीरो क्लिअरन्स प्लेट घरी प्लायची बनवता येते, ज्याने बारीक पट्ट्या आत पडत नाहीत आणि प्लायच्या चिपल्या कमी उडतात. ती नुसता दीड मिमीचा पत्रा असेल तर घरी बनवणं कटकटीचं.

आर्बर म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा. त्याचा व्यास कुठे ⅝ इंच, कुठे २५.४ मिमी, कुठे ३० मिमी, ब्लेड त्याच भोकाचं लागतं. एका फेरीत रुंद खाच पाडणारा डॅडो सेट वापरायचा असेल तर आर्बर लांब आहे का विचारा, युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॉचा आखूडच असतो. नसेल तरी फार बिघडत नाही, राउटरने, म्हणजे खाचा पाडायच्या हातातल्या मशीनने, खाच होते.

आणि शेवटी मोटर

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. स्टिकरवर ३ एचपी लिहिलंय आणि नेमप्लेटवर २३० व्होल्ट, १० अँपिअर, तर गुणाकार करा, २३०० वॅट आत जाताहेत आणि ३ एचपी म्हणजे २२३८ वॅट बाहेर, म्हणजे जवळपास काहीच वाया जात नाही असं त्यांचं म्हणणं. तसं होत नाही. तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, तेव्हा अँपिअर बघून तुलना करा. खरी दीड एचपी आणि धारदार पातळ ब्लेड, साधारण २.४ मिमी कापाचं, एवढ्यावर दोन इंची कडक लाकूड आरामात चिरलं जातं.

स्विच मात्र नीट बघा. मोठा, गुडघ्याने किंवा मांडीने दाबून बंद होणारा पाहिजे, कारण गडबड होते तेव्हा दोन्ही हात फळीवर असतात. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये.

भुशासाठी तोटी किती मोठी ते बघा, मोठ्या सॉवर साधारण १०० मिमी, छोट्यावर ६३ मिमीच्या आसपास. लाकडाची धूळ आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत नोंदवली आहे, त्यामुळे व्हॅक्यूम आणि मास्क दोन्ही बजेटमध्ये धरा.

जुना घेत असाल तर

प्लग काढून ब्लेड हाताने आडवं हलवून बघा, खडखड झाली तर बेअरिंग गेलंय. उंची आणि झुकाव दोन्ही चाकं पूर्ण फिरवून बघा. टेबलावरचा वरवरचा गंज तेल आणि पॉलिश पेपरने जातो, त्यावरून भाव पाडून घ्या, पण खालच्या ओतीव भागाला तडा असेल तर फुकट मिळाला तरी नको. आणि मोटरची नेमप्लेट वाचा, कारखान्यातून निघालेले मोठे सॉ बहुधा थ्री फेजवर चालतात, घरी सिंगल फेज असते, मग सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह बसवा नाहीतर मोटर बदला, म्हणजे स्वस्तातला सॉ तेवढा स्वस्त राहत नाही. रिविंग नाइफ नसलेला जुना सॉ नवशिक्याने घेऊ नये असं मला वाटतं, कितीही दणकट असला तरी.

घरी आणल्यावर

सोबतचं ब्लेड बाजूला ठेवा आणि एक चांगलं घ्या. फक्त चिरायला २४ दाती, सगळ्याला एक म्हणून ४० किंवा ५० दाती, प्लाय आणि लॅमिनेटला ६० ते ८०. नवशिक्याने ४० दातीपासून सुरुवात करावी.

मग प्लग काढलेला ठेवूनच सेटिंग. ब्लेड पूर्ण वर करा, एका दाताला मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून स्लॉटपासून त्याचं अंतर मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, परत मोजा. ०.१ मिमीच्या आत फरक असला पाहिजे. दात तोच ठेवायचा म्हणजे ब्लेडमधला वाक मापात येत नाही. फरक जास्त असेल तर मॅन्युअलप्रमाणे कॅबिनेट सॉवर टेबलाचे बोल्ट ढिले करून टेबल सरकवायचं, बाकीच्यांवर खालचं ट्रनियन, म्हणजे ब्लेडची यंत्रणा धरणारा सांगाडा. ब्लेड स्लॉटला समांतर झालं की मग फेन्स स्लॉटला समांतर करा, नंतर ब्लेडला गुण्या लावून ९० अंशाचा स्टॉप, शेवटी रिविंग नाइफ ब्लेडच्या सरळ रेषेत. कास्ट आयर्नचं टेबल असेल तर पेस्ट वॅक्स चोळा, सिलिकॉन नसलेलं, नाहीतर ते लाकडाला लागून पॉलिश धरत नाही.

पहिले काप मऊ लाकडाच्या सरळ तुकड्यांवर घ्या. ब्लेड फळीच्या वर एक दात दिसेल एवढंच. उभं राहायचं ब्लेडच्या रेषेपासून थोडं बाजूला. हात ब्लेडपासून वीतभर लांब, त्याच्या आत फळी ढकलायची पुश स्टिक किंवा पुश ब्लॉक. हातमोजे, सैल बाह्या, कडं काहीही नको. फेन्स आणि मायटर गेज एकाच वेळी वापरून आडवा काप घ्यायचा नाही, मधला तुकडा दोघांत अडकून उडतो. कुठलंही लाकूड फेन्स किंवा गेजच्या आधाराशिवाय नुसत्या हाताने ब्लेडमध्ये घालायचं नाही, अगदी छोटासा तुकडा असला तरी. वाकडी, पिळलेली फळी आधी रंधून एक कड सरळ करायची, तीच कड फेन्सला लावायची.

आणि ब्लेड बदललं, विशेषतः वेगळ्या जाडीचं लावलं, की फेन्सच्या स्केलवर भरवसा ठेवू नका. एक टाकाऊ तुकडा कापा, कॅलिपरने मोजा, स्केलवरचा काटा त्या मापावर सरकवा आणि मगच कामाची फळी घ्या.